हृदयातील वीज आणि हृदयाचा पंप

विज्ञान आणि संसार

आपल्या भाषेने हृदयावर जेवढी कामे सोपविली आहेत, तेवढी शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर सोपविलेली नाहीत. ते आनंदाने भरून येते, दुःखाने पिळवटते, भीतीने धडधडते. निष्ठुर माणसाला तर ते नसतेच, असे आपण म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हृदयाचे काम एकच आहे, आणि ते म्हणजे आलेले रक्त पुढे ढकलणे. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतानाच सुरू झालेले हे काम माणसाच्या अखेरच्या क्षणापर्यंत अखंड चालते.

हे काम कसे चालते याची माहिती केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाच हवी असे नाही. घरातील वडील माणसाच्या छातीत दुखू लागते आणि 'वायू धरला असेल' म्हणून त्याला ओवा खाऊ घातला जातो. कोणाचा ई.सी.जी. निर्दोष येतो आणि सारे घर निर्धास्त होते. कोणी उभ्याउभ्या कोसळतो, आणि भोवती जमलेल्यांपैकी एक जण कांदा हुंगवतो, दुसरा तोंडात पाणी घालू पाहतो. या तिन्ही प्रसंगी माणसे प्रेमापोटीच धावपळ करीत असतात. परंतु हृदयात नेमके काय बिघडले असावे याची कल्पना नसल्यामुळे मोलाचा वेळ निघून जातो. हृदयात दोन निरनिराळ्या व्यवस्था एकमेकींच्या हातात हात घालून काम करतात. एक रक्त ढकलणारा पंप, आणि दुसरी त्या पंपाला चालना देणारी वीज. या दोहोंतील भेद ध्यानी आला, म्हणजे अशा प्रसंगी काय करावे हेही आपोआप उमगते.

एका भिंतीचे दोन पंप

प्रथम पंपाचा विचार करू. हृदय हा मुठीएवढ्या आकाराचा, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा स्नायूंचा अवयव आहे. तो छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे कललेला असतो. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. मधल्या उभ्या पडद्यामुळे उजवी व डावी बाजू एकमेकींपासून अलग झालेल्या असतात. म्हणून हृदय हा एक पंप नसून एकाच भिंतीला पाठ लावून बसविलेले दोन पंप आहेत, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

शरीरभर फिरून प्राणवायू देऊन बसलेले रक्त उजव्या बाजूला येते आणि तेथून फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांत ताजेतवाने झालेले रक्त डाव्या बाजूला येते आणि तेथून महारोहिणीच्या द्वारे डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र पोचते. फुप्फुसे हृदयाच्या शेजारीच असल्यामुळे उजव्या पंपाला फारसा जोर लावावा लागत नाही. पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर उंचीएवढा दाब त्याला पुरतो. डाव्या पंपाला मात्र सुमारे १२० मिलिमीटरएवढा दाब निर्माण करावा लागतो. साहजिकच डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या मानाने कितीतरी जाड असते. डॉक्टर रक्तदाब मोजून '१२० आणि ८०' असे सांगतात, त्यांतील पहिला आकडा डाव्या निलयाच्या आकुंचनाच्या वेळचा असतो, आणि दुसरा दोन आकुंचनांच्या मधल्या काळातला.

विहिरीवर पंप बसविणाऱ्या शेतकऱ्याला पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हचे महत्त्व सांगावे लागत नाही. वर चढलेले पाणी परत खाली येऊ न देणे हे त्याचे काम. हृदयात अशा चार झडपा आहेत. दोन अलिंद आणि निलय यांच्या मध्ये, आणि दोन निलयांतून बाहेर पडणाऱ्या रोहिण्यांच्या तोंडाशी. छातीला कान लावला असता जे दोन ठोके ऐकू येतात, ते या झडपा मिटल्याचे आवाज आहेत. पहिला काहीसा लांब व खर्जातला आवाज वरच्या दोन झडपांचा. दुसरा तुटक आवाज रोहिण्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. झडप नीट मिटेनाशी किंवा नीट उघडेनाशी झाली, म्हणजे या आवाजांत फूत्कारासारखा तिसरा आवाज मिसळतो. आपल्या देशात लहानपणी होणाऱ्या संधिवाती ज्वराने अनेकांच्या झडपा अशा रीतीने कायमच्या खराब झालेल्या आहेत. या ज्वराचा उगम घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गात असतो आणि त्यावर पेनिसिलिन हे साधे औषध गुणकारी आहे. यास्तव मुलांचा ताप आणि घशाची सूज, विशेषतः त्यापाठोपाठ सांधे दुखू लागले तर, अंगावर काढणे योग्य नव्हे.

या पंपाचा आवाका केवढा आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान कप भरेल एवढे रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. शरीरातील एकूण रक्तही साधारणपणे तेवढेच असते. दिवसाचा हिशेब केला तर सुमारे १ लाख ठोके आणि ७,००० लिटर रक्त, म्हणजे पाण्याचा एक टँकर भरेल एवढे होते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच जातीचा हिशेब मांडला होता. अर्ध्या तासात हृदयातून बाहेर पडणारे रक्त साऱ्या शरीरातील रक्तापेक्षा अधिक भरते. तेव्हा एवढे रक्त दरवेळी नव्याने तयार होणे शक्य नाही, तेच रक्त फिरून फिरून हृदयाकडे येत असले पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला. रुधिराभिसरणाची कल्पना अशी एका गुणाकाराच्या बळावर सिद्ध झाली.

हृदय विश्रांती घेतच नाही, हा समज मात्र खरा नाही. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर प्रत्येक ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यांपैकी सुमारे ०.३ सेकंद निलयांचे आकुंचन चालते आणि उरलेला ०.५ सेकंद ते सैल पडून रक्ताने भरत असतात. म्हणजे दिवसाच्या निम्म्याहून अधिक वेळ निलय विसावलेले असतात. हा विसावा दोन कारणांसाठी आवश्यक आहे. पंप रिकामा करायचा तर तो आधी भरला पाहिजे, हे एक. दुसरे असे की, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांतून डाव्या निलयाला मिळणारे बहुतेक रक्त याच विसाव्याच्या काळात वाहते. आकुंचनाच्या वेळी त्या स्नायूंत दाबल्या जातात. नाडी फार जलद झाली, तर काटछाट होते ती या विसाव्याची. पंप धावतो पुष्कळ, पण भरत नाही आणि स्वतः उपाशीही राहतो.

ठिणगी पडते कोठे?

या पंपाला चालना कोण देतो? मेंदू देत असेल, असे कोणालाही वाटेल. हाताची मूठ आपण मेंदूच्या आज्ञेने मिटतो. मग हृदयाची मूठही तशीच मिटत असणार, असा हा तर्क आहे. पण बेडकाचे हृदय शरीरातून काढून योग्य द्रावणात ठेवले, तर ते कितीतरी वेळ एकटेच आकुंचन पावत राहते. माणसाच्या बाबतीतही याचा पुरावा मिळालेला आहे. १९६७ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण काही तासांपेक्षा अधिक जगला नाही. परंतु पुढे ही विद्या स्थिर झाली, आणि १९९४ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. या शस्त्रक्रियेत हृदयाकडे येणारे सर्व मज्जातंतू तुटलेले असतात. तरीही नवे हृदय नव्या छातीत ठोके देऊ लागते. याचा अर्थ, ठोक्याची ठिणगी हृदयातच पडत असली पाहिजे.

ही ठिणगी नेमकी कोठे पडते आणि कोणत्या वाटेने जाते, याचा शोध उलट्या क्रमाने लागला. एखाद्याने गंगेच्या मुखापासून निघून गंगोत्रीला पोचावे, तसा तो प्रवास आहे. बोहेमियातील शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८३९ मध्ये निलयांच्या आतल्या अस्तराखाली पसरलेले जाळीदार तंतू पाहिले. ते त्या वाटेचे शेवटचे फाटे होते. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म हिस याला अलिंद व निलय यांना जोडणारा एक बारीक जुडगा सापडला. १९०६ मध्ये जर्मनीतच काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने त्या जुडग्याच्या मुळाशी असलेली गाठ दाखवून दिली. मूळ उगम तेवढा राहिला होता. तो आर्थर कीथ या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाच्या घरी सापडला. त्याचा साहाय्यक मार्टिन फ्लॅक हा त्या वेळी वैद्यकाचा विद्यार्थी होता. केंट परगण्यातील खेडेगावच्या घरात, उन्हाळ्याच्या दिवसांत, कीथ पत्नीसह सायकलवरून फेरफटका मारायला गेला असताना, 'मोल' नावाच्या बिळात राहणाऱ्या लहानशा प्राण्याच्या हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना फ्लॅकला उजव्या अलिंदाच्या भिंतीत एक निराळीच रचना दिसली. १९०७ साली दोघांनी मिळून हा शोध प्रसिद्ध केला.

डॉक्टर या रचनेला सायनस नोड म्हणतात. आपण तिला गतिकेंद्र म्हणू. माणसात ती उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाशी असते आणि तिची लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर भरते.

ही वीज घरातील तारेतून वाहणाऱ्या विजेसारखी नसते. प्रत्येक पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युद्‌भारित कण असतात. पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे या कणांना हवे तेव्हा आत घेतात आणि हवे तेव्हा बाहेर सोडतात. विसाव्याच्या वेळी पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते. सोडियम आत शिरला की हा भार क्षणार्धात उलटतो आणि शेजारच्या पेशीलाही तोच धक्का देतो. गवताच्या गंजीत एका काडीवरून दुसरीवर जाळ जावा, तशी ही लाट पुढे सरकते. फरक एवढाच की, येथे काडी जळून जात नाही, क्षणभरात पूर्ववत होते. गतिकेंद्रातील पेशींचे वैशिष्ट्य असे की, त्यांना बाहेरच्या धक्क्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांच्या आवरणातून थोडे थोडे कण सतत आत झिरपत असतात. ठरावीक मर्यादा ओलांडली की ठिणगी पडते, आणि पुन्हा झिरपणे सुरू होते.

मोकळे सोडले तर हे केंद्र मिनिटाला सुमारे १०० ठिणग्या पाडील. मेंदूकडून येणारा एक मज्जातंतू त्याला सतत लगाम घालीत असतो, म्हणून शांत बसलेल्या माणसाची नाडी ६० ते ८० च्या घरात राहते. धावताना किंवा भ्यालो असता हा लगाम ढिला होतो आणि दुसऱ्या प्रकारचे मज्जातंतू टाच मारतात. मेंदूचा अधिकार आहे तो एवढाच. घोडा आपल्या पायांनीच चालत असतो.

नाक्यावरचा क्षणभर थांबा

गतिकेंद्रातून निघालेली लाट प्रथम दोन्ही अलिंदांवर पसरते आणि ते आकुंचन पावतात. यापुढे तिला निलयांकडे जायचे असते. पण अलिंद आणि निलय यांच्या मध्ये वीज न वाहून नेणाऱ्या तंतूंचा पडदा असतो. तो ओलांडण्याची वाट एकच, आणि ती तावाराने दाखविलेल्या गाठीतून जाते. या गाठीला आपण नाका म्हणू. अन्यत्र वेगाने धावणारी लाट या नाक्यावर सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते. ही दिरंगाई दोष नसून मोठी सोय आहे. तेवढ्या अवधीत अलिंदांतील उरलेले रक्त निलयांत उतरते. वीज न थांबता खाली गेली असती, तर अर्धवट भरलेले निलयच आकुंचन पावले असते.

नाका ओलांडताच लाट हिसच्या जुडग्यात शिरते, डाव्या-उजव्या शाखांतून आणि पुर्किन्येच्या तंतूंतून सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते, आणि दोन्ही निलयांना जवळजवळ एकाच वेळी गाठते. कपडा पिळताना दोन्ही हातांचा पीळ एकदम पडावा, तसे निलयांचे सारे स्नायू एकवटून आकुंचन पावतात.

गतिकेंद्र बंद पडले तर काय? निसर्गाने पर्यायी व्यवस्था करून ठेवली आहे. नाक्याजवळच्या पेशी स्वतः मिनिटाला ४० ते ६० ठिणग्या पाडू शकतात. त्याही थकल्या तर निलयांतील तंतू २० ते ४० च्या संथ गतीने काम चालू ठेवतात. एवढ्याने प्राण टिकतो. पण मेंदूला रक्त अपुरे पडल्यामुळे घेरी येते, माणूस वरचेवर कोसळतो.

स्वीडनमधील आर्ने लार्सन या गृहस्थाची अशीच अवस्था झाली होती. त्याच्या पत्नीने सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा अक्षरशः पिच्छा पुरविला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये जगातील पहिला शरीरात बसविलेला पेसमेकर त्याला लाभला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढील आयुष्यात त्याची यंत्रे कितीतरी वेळा बदलावी लागली. पण तो २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. ज्यांनी त्याला यंत्र दिले त्या दोघांच्याही मागे तो राहिला. हृदयाचा पंप धडधाकट होता, उणीव होती ती ठिणगीची. आणि ती बाहेरून पुरविता आली.

वीज पडली, पण स्नायू का आखडतो?

विजेची लाट आणि स्नायूंचे आकुंचन या दोन निराळ्या घटना आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा आहे कॅल्शियम. या शोधाची कथा मनोरंजक आहे. लंडनमधील सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करीत असे. त्या साध्या द्रावणात ते हृदय चांगले चालू राही. द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केले असावे अशी त्याची समजूत होती. चौकशीअंती कळले की, ते नळाच्या पाण्यात केलेले होते. खरोखरीचे शुद्ध पाणी वापरले, तेव्हा हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हाच तो गुणकारी पदार्थ, असे रिंगरने १८८३ साली दाखवून दिले. आज आपण जाणतो की, विजेची लाट आली की कॅल्शियम पेशीत शिरतो, पेशीतील साठ्यातूनही आणखी कॅल्शियम मोकळा होतो, आणि मग स्नायूतील तंतू एकमेकांवर सरकून आखडतात. कॅल्शियम परत साठ्यात गेला की स्नायू सैल पडतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वीज बिनचूक असूनही पंप दुबळा असू शकतो. आणि पंप बळकट असूनही वीज बिघडू शकते.

कागदावरील रेघ

हृदयाच्या विजेचा अंश शरीरातील क्षारयुक्त द्रवांमधून त्वचेपर्यंत पोचतो. तेथे तिचा दाब जेमतेम १ मिलिव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातील सेलच्या दीडहजाराव्या भागाएवढा असतो. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने माणसाच्या बाबतीत तो प्रथम नोंदविला. वॉलर आपल्या जिमी नावाच्या कुत्र्यावरही हा प्रयोग करून दाखवीत असे. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांतपणे उभा राही. हा प्राण्याचा छळ आहे काय, असा प्रश्न १९०९ साली ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला, आणि समुद्राच्या पाण्यात पाय बुडविण्यापेक्षा यात अधिक काही नाही, अशा आशयाचे उत्तर मंत्र्यांना द्यावे लागले. पुढे हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइनटोव्हेन याने बारीक तारेचा अतिशय संवेदनक्षम मापक तयार केला. त्याचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला यंत्राकडे आणणे अवघड, म्हणून १९०५ मध्ये त्याने दीड किलोमीटरवरील रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार जोडून रुग्णाच्या हृदयाचा आलेख घेतला. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखावरील उंचवट्यांना त्यानेच दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही जगभर रूढ आहेत.

आता हा आलेख वाचणे वाचकांना कठीण जाऊ नये. पहिला लहान उंचवटा, पी, अलिंदांवर पसरणाऱ्या लाटेचा. त्यानंतरचा सपाट भाग बहुतांशी नाक्यावरच्या थांब्याचा. मग क्यू-आर-एस हे उंच टोक निलयांवर झपाट्याने पसरणाऱ्या लाटेचे, आणि शेवटचा पसरट टी निलय पुन्हा पूर्ववत होत असल्याचा. कागदावरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा असतो, म्हणून दोन टोकांमधले चौकोन मोजून नाडीचा वेगही काढता येतो.

परंतु ही रेघ विजेची आहे, पंपाची नव्हे. निलय किती जोराने रक्त ढकलतो हे तिच्यात प्रत्यक्ष दिसत नाही; त्यासाठी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेणारी इकोकार्डिओग्राफी करावी लागते. शिवाय साधा ई.सी.जी. सुमारे दहा सेकंदांची हकीकत सांगतो. अधूनमधून येणारी धडधड त्या दहा सेकंदांत आली नाही, तर ती नोंदली जात नाही. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीलाही पहिला आलेख कधीकधी निर्दोष दिसतो. म्हणूनच डॉक्टर तो पुन्हा पुन्हा काढतात आणि रक्ताचीही तपासणी करतात. छातीतील वेदना चालू असताना एका कागदावर विसंबून घरी परतणे धोक्याचे आहे.

बिघाड विजेचा की पंपाचा?

'हार्ट अटॅक' आणि 'हृदय बंद पडणे' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते दोन निराळे प्रसंग आहेत.

हृदयविकाराचा झटका हा रक्तपुरवठ्याचा बिघाड आहे. हृदयाला रक्त देणाऱ्या एखाद्या रोहिणीत गुठळी अडकते आणि तिच्यावर अवलंबून असलेले स्नायू मरू लागतात. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो. छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब, तो हात, मान किंवा जबड्याकडे पसरणे, दरदरून घाम, मळमळ ही त्याची लक्षणे. स्त्रियांत आणि मधुमेहींत वेदना नसून केवळ दम लागणे किंवा कमालीचा थकवा एवढेच लक्षण असू शकते. येथे प्रत्येक मिनिटाला स्नायू वाचविता येतो, म्हणून रुग्णाला चालायला न लावता ताबडतोब रुग्णालय गाठावे. ओवा, सोडा आणि उद्याची सकाळ यांची वाट पाहू नये.

हृदय बंद पडणे हा बहुतेक वेळा विजेचा बिघाड असतो. गतिकेंद्राची आज्ञा कोणी मानीत नाही. निलयांतील स्नायूंचे गट आपापल्या लयीने थरथरू लागतात. हृदय हलत असते, परंतु रक्ताचा थेंबही पुढे जात नाही. रोगी काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा होतो. पहिल्या प्रसंगातून दुसरा उद्भवू शकतो, आणि झटक्याच्या रोग्याला त्वरेने रुग्णालयात नेण्याचे तेही एक कारण आहे.

अशा वेळी विजेचा झटका देतात, तो हृदय 'सुरू' करण्यासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो सारी बेबंद थरथर एकदम थांबविण्यासाठी असतो. क्षणभर शांतता झाली की गतिकेंद्र पुन्हा आपला ठेका धरते. १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक या सर्जनाने शस्त्रक्रिया चालू असताना एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय अशा रीतीने वाचविले. आता हे यंत्र पेटीच्या आकाराचे झाले असून अनेक विमानतळांवर व रेल्वे स्थानकांवर ठेवलेले असते. ते बोलून सूचना देते, आणि गरज नसेल तर झटका देतच नाही.

पहिली काही मिनिटे

पण यंत्र येईपर्यंत काय? रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मदत न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा शेकडा ७ ते १० नी घटते. शहरातही रुग्णवाहिका एवढ्या वेळात क्वचितच पोचते. तेव्हा ही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात.

१९६० पर्यंत यावर छाती उघडून हृदय हाताने दाबण्याखेरीज विश्वसनीय उपाय नव्हता. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. कौवेनहोवेन हे विद्युत् अभियंते होते. कुत्र्यांवर प्रयोग करताना असे आढळले होते की, विजेच्या पट्ट्या छातीवर जोराने दाबल्या असता वीज देण्यापूर्वीच रक्तदाब किंचित वाढतो. म्हणजे बाहेरून छाती दाबूनही पंप चालविता येतो. आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो, त्याचा हा पाया होय.

कृती सोपी आहे. कोसळलेल्या माणसाला खांद्याला हलवून हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर कोणाला तरी ११२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे आणि स्वतः वेळ न दवडता कामाला लागावे. माणसाला गादीवर नव्हे, कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी, स्तनांच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवावी, आणि अंगाचा भार देऊन छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दाबावी. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्णपणे वर येऊ द्यावी. कारण, वर पाहिल्याप्रमाणे, पंप भरल्याखेरीज रिकामा करता येत नाही. दमल्यास दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नये. मोडलेली बरगडी पुन्हा जुळते. तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. लहान मुलांच्या बाबतीत छाती दाबण्याबरोबर कृत्रिम श्वासही द्यावा लागतो. ते तंत्र प्रत्यक्ष शिकलेले बरे.

अशा दाबाने नेहमीच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढेच रक्त फिरते. पण मेंदूला तग धरण्यास ते पुरते, आणि विजेचा बिघाड दुरुस्त करणारी माणसे येईपर्यंत तेवढेच करावयाचे असते. थोडक्यात, त्या काही मिनिटांपुरता हृदयाचा पंप आपल्या दोन हातांनी चालवायचा असतो.

ही विद्या वाचून कळते, पण हाताला सवयीने येते. रेडक्रॉस संस्था, सेंट जॉन अँब्युलन्स आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालये तिचे वर्ग घेतात. कुटुंबातील निदान एका तरी माणसाने अर्धा दिवस काढून ती शिकून घ्यावी. तोपर्यंत घरातील प्रत्येकाने आपली नाडी मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट मोजण्याचा परिपाठ ठेवावा. ठोके एकसारख्या अंतराने पडत आहेत की वेडेवाकडे, एवढे जरी कळले तरी पुष्कळ आहे. सतत अनियमित चालणारी नाडी हे अलिंदांच्या थरथरीचे लक्षण असू शकते. तीमुळे हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा संभव असतो, आणि तो वेळीच औषधाने पुष्कळ अंशी टाळता येतो.